डॉयटर, गेऑर्ग

(जन्म १९४५). ध्यानसंगीताचे जर्मन रचनाकार व बहुवाद्यवादक. जन्म जर्मनीतील फाल्कनहागेन येथे. बासरी व गिटार ही वाद्ये ते स्वतःच शिकले. ऐन तारुण्यात मोटार अपघातातून बचावल्यावर त्यांनी संगीतालाच वाहून घेतले. ‘डी’ (१९७१) हा पहिला ध्वनिमुद्रिकासंच. ‘आउम’ (१९७२) हा त्यापुढचा.

सत्तरच्या दशकात ते पुण्याच्या कोरेगाव पार्कमधील रजनीश आश्रमात आले आणि चैतन्य हरी या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांचे खरे महत्त्वाचे काम इथलेच. सक्रिय ध्यानपद्धतींसाठी त्यांनी रचलेले संगीत निव्वळ पार्श्वसंगीत नाही. साधकाला घड्याळाकडे पाहावे लागू नये, ही त्याची मुख्य कामगिरी. तासाभराच्या कुंडलिनी ध्यानात पंधरा-पंधरा मिनिटांचे चार टप्पे असतात : अंग थरथरवणे, नाचणे, निश्चल बसणे वा उभे राहणे, पडून राहणे. पहिल्या तीन टप्प्यांत संगीत बदलत जाते, शेवटचा टप्पा निःशब्द. ‘नादब्रह्म’ ध्यानात तिबेटी घंटानाद आणि साधकांचा मिटल्या ओठांचा गुंजारव एकमेकांत मिसळतात. गंमत म्हणजे ही धून ओळखणाऱ्या अनेकांना रचनाकाराचे नाव ठाऊक नसते.

बासरी, सतार, संतूर, जपानी कोतो, तिबेटी वाट्या व सिंथेसायझर त्यांच्या रचनांत एकत्र नांदतात. वादनाचा बडेजाव मात्र कुठेच नाही. रागविस्ताराची सवय असलेल्या कानांना हे संगीत संथ, प्रसंगी एकसुरीही वाटते. ऐंशीच्या दशकात ते अमेरिकेतील सांता फे येथे स्थायिक झाले. ‘नादा हिमालया’ (१९९७) आणि ‘कोयासान’ (२००७) या तेथील काळातील रचना.