पाण्याखालची नदी

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणी कुणाला भेटलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘राधानगरीचे किती दरवाजे उघडले?’ रिक्षावाला विचारतो, भाजीवाली विचारते, कॉलेजातली पोरं विचारतात. सात स्वयंचलित दरवाजे, एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी, धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी. हे आकडे आम्हा कोल्हापूरकरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ते अधिकच पक्के केले. पण या पाण्यात राहतं कोण, असं कुणी विचारलं तर आपण गप्प बसतो. आज मला त्या रहिवाशांविषयी, म्हणजे माशांविषयी बोलायचं आहे.

गोष्ट १९९१ च्या मे महिन्यातली. बी.ए.ची परीक्षा देऊन मी घरी बसलो होतो. वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. राधानगरीकडचे एक भोई गृहस्थ वर्षातून एकदा तिथे सदरे शिवायला यायचे. मी त्यांना मामा म्हणायचो. पोरगा दिवसभर वहीत तोंड खुपसून कविता करतोय हे पाहून अब्बा त्यांना म्हणाले, ‘इसकू एक दिन पानी पे लेके जाव.’

दुसऱ्याच आठवड्यात, अजून नीट उजाडलंही नव्हतं, तेव्हा मी मामांच्या नावेत बसलो होतो. मे महिना असल्यानं पाणी बरंच खाली गेलं होतं. काठाला तांबड्या मातीचा उघडा पट्टा आणि त्याच्या वर दाजीपूरचं जंगल. मला वाटलं, थोडं आत गेलो की गळ टाकायचे. पण मामा थांबेनात. एका डोंगराची खिंड आणि काठावरचं एक झाड नजरेत धरून ते अर्धा तास नाव वल्हवत राहिले. मग एका जागी दोरीला बांधलेला दगड पाण्यात सोडला आणि म्हणाले, ‘हितं खाली नदी हाय.’

चहूकडे सारखंच सपाट पाणी. खूण म्हणून काही नाही. मामा म्हणाले, ‘मासा अजून नदीच्याच वाटंनं जातोय. त्येला तलाव म्हाईत न्हाई.’

ती नदी म्हणजे भोगावती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मुलखानं एकामागून एक दुष्काळ पाहिले. राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले, तेव्हापासूनच पाण्याचा प्रश्न त्यांच्यासमोर उभा होता. १९०२ मध्ये ते इंग्लंडला जाऊन आले. त्याच वर्षी संस्थानानं पाटबंधाऱ्यांचं धोरण आखलं. पुढे १९०७ मध्ये भोगावतीवर धरण बांधायची योजना ठरली. नव्या गावाला महाराजांनी आपल्या मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं आणि तलावाला राणीसाहेबांचं, लक्ष्मीबाईंचं. एका छोट्या संस्थानाच्या तिजोरीला हा खर्च न पेलणारा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई वाढली आणि भिंत चाळीस फुटांच्या आसपास आली असताना काम थांबलं. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. पुरं धरण पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. राजाराम महाराजांनी काम पुन्हा हाती घेतलं आणि ते तडीला गेलं स्वातंत्र्यानंतर, पन्नाशीच्या दशकात.

या तलावात महाराजांनी बांधलेल्या एका वास्तूचे अवशेष आहेत. तिचं नाव बेनझीर व्हिला. बेनझीर हा फारसी शब्द. ज्याला तोड नाही, असा त्याचा अर्थ. त्या दिवशी नावेतून मी तिच्या भिंती दुरून पाहिल्या. धरणानं जिल्ह्याला ऊस दिला, भात दिला, प्यायला पाणी दिलं. या कामालाही तोड नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मामांचं मूळ घर या पाण्याखाली गेलं होतं, पण महाराजांचं नाव घेताना त्यांचाही हात कपाळाला लागायचा.

दुपारपर्यंत गळाला एक कटला आणि दोन चिलापी लागल्या. मी खूश होतो. मामा मात्र हसून म्हणाले, ‘ही समदी सरकारी मान्सं. बदलीवर आल्यात.’

तेव्हा मला ती थट्टा वाटली. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की मामांनी इतिहास सांगितला होता. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. म्हणून तलावात सोडायला हे त्रिकूट सोयीचं. पण साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे त्यांचं बीज नद्यांतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींची अंडी मिळवली आणि देशभरातल्या धरणांत मत्स्यबीज सोडायची वाट मोकळी झाली. चिलापी तर आफ्रिकेची. ती भारतात आली १९५२ मध्ये. इंग्रज साहेबानंही हेच केलं होतं. त्याला गळानं पकडायला आपल्या देशातला ट्राउट हवा होता. १९०० च्या सुमारास त्याची अंडी बर्फात ठेवून बोटीनं काश्मीरला आणली गेली. नंतर निलगिरीच्या थंड ओढ्यांतही ट्राउट रुजला. आपल्या सह्याद्रीचं पाणी त्याला मानवणारं नव्हतं, म्हणून तो इकडे आला नाही.

ऊन कलल्यावर माझ्या हातातल्या दोरीला असा हिसका बसला, की नाव डुलली. दोरी सरसर गेली आणि तुटली. मामा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘खडशी आसंल.’ म्हणजे महसीर. वाहत्या पाण्याचा, खडकाळ तळाचा मासा. पावसाळ्यात तो अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतो. वाटेत भिंत आली, की त्याचा रस्ता संपतो. मामांनी कैक वर्षांत खडशी पाहिली नव्हती. त्या दिवशी मीही ती पाहिली नाही. फक्त तिचं नाव ऐकलं.

या माशाची शास्त्रीय नोंद केली ती कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं, १८३९ मध्ये, पुण्याजवळच्या मुळामुठेतून. त्यानं एक गोष्ट मोठी छान केली. दख्खनच्या माशांना लॅटिन नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडचे शब्द त्यात ठेवले. खुदरी, नुकटा, कोलस, फुलंगी. एकाचं नाव आहे मुसल्ला! नमाजाची चटई आमच्या घरात रोज अंथरली जायची, त्यामुळे ते नाव वाचून मी हसलो होतो. माशाचा आणि चटईचा अर्थातच काही संबंध नाही.

खुदरी महसीर कमी होत चालला, तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर १९७० च्या सुमारास त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञानं त्यासाठी मोठे कष्ट घेतले. तिथली पिल्लं अनेक राज्यांत गेली. पण त्यातूनही एक धडा मिळाला. कावेरीत आपली खुदरी वाढली आणि तिथला मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर मागे हटत गेला. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची खरी ओळख पटवली, तोवर तो नामशेष व्हायच्या बेतात आला होता. म्हणजे आपला मासासुद्धा दुसऱ्याच्या नदीत परका ठरतो.

मामा आता नाहीत. मध्यंतरी त्यांच्या मुलाला भेटलो. कटला, रोहू, मृगळ, चिलापी यांचे भाव तो घडाघडा सांगतो. खडशीबद्दल विचारलं तर म्हणाला, ‘आबा म्हणायचं तसं कायतरी.’ त्या दिवशी परतताना मामांनी मला भोगावतीच्या माशांची पंधरावीस नावं सांगितली होती. माझ्या खिशात वही होती, पेन होतं. मी संध्याकाळच्या रंगावर कविता लिहीत बसलो. ती कविता पुढे मीच फाडून टाकली. नावं मात्र परत मिळाली नाहीत.

आपल्या पंचगंगेच्या, वारणेच्या, दूधगंगेच्या काठी अजून काही म्हातारी माणसं आहेत. या पावसाळ्यात दरवाजे किती उघडले हे विचारून झालं, की त्यांच्यापाशी घटकाभर बसा. नदीत पूर्वी कोणते मासे होते ते विचारा आणि ते सांगतील ते त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या.