चिखल्या, खाज आणि पांढरं जाणं : बुरशीवरचं मलम नेमकं काम कसं करतं?

धानाची रोवणी सुरू झाली की मार्कंडा, चामोर्शी आणि वैनगंगेच्या काठावरच्या गावांमध्ये बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात उभ्या असतात. काही दिवसांतच पायाच्या बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, ओलसर होते. मग खाज, मग आग. या झाल्या चिखल्या. त्यात कधी कँडिडा नावाच्या यीस्टचा हात असतो, कधी दुसऱ्या बुरशीचा, कधी जिवाणूंचा. हीच कँडिडा जांघेत, स्तनांखाली, बाळाच्या लंगोटाखाली आणि योनीमार्गातही वाढते. चिखल्यांबद्दल चारचौघांत बोललं जातं. योनीमार्गातल्या खाजेबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

खरं तर कँडिडा ही बाहेरून आलेली भानगड नाही. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात आणि अनेक बायकांच्या योनीमार्गात ती आधीपासूनच असते. तिथले चांगले जिवाणू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिक घेतल्यावर हे जिवाणू मरतात, गरोदरपणात हार्मोन बदलतात, मधुमेहात साखर वाढते आणि कँडिडाला रान मोकळं मिळतं. त्यामुळे खाज सुटली म्हणजे बाई अस्वच्छ किंवा तिचं वागणं वाईट, हा समज निव्वळ चुकीचा आहे.

मग मलम काय करतं?

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे क्लोट्रिमाझोल. जर्मनीतल्या बायर कंपनीने ते १९६० च्या दशकाच्या शेवटी शोधलं आणि आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

बुरशी मारणं जिवाणू मारण्यापेक्षा अवघड असतं, कारण बुरशीची पेशी आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती असते. पण एक फरक आहे. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. क्लोट्रिमाझोल हे एर्गोस्टेरॉल तयार करणारं एन्झाइमच अडवतं. मग आवरण कच्चं राहतं, आतला माल बाहेर झिरपतो आणि बुरशीची वाढ थांबते.

‘वाढ थांबते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बुरशी लगेच मरतेच असं नाही. दोन-तीन दिवसांत खाज कमी होते आणि ट्यूब कोनाड्यात जाते. उरलेली बुरशी पुन्हा वाढते. म्हणून त्वचेवर हे मलम साधारण दोन ते चार आठवडे, दिवसातून दोनदा लावायला सांगतात. योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या वेगळ्या असतात. त्यांचा कोर्स मात्रेप्रमाणे एका रात्रीपासून आठवडाभरापर्यंतचा असतो. गरोदर बाईला पोटात घ्यायच्या फ्लुकोनाझोलऐवजी सहसा याच गोळ्या देतात. एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही : यातल्या काही औषधांमुळे कंडोम कमकुवत होऊ शकतो.

पण प्रत्येक पांढरं जाणं म्हणजे यीस्ट नाही

इथे गडचिरोलीचंच उदाहरण घ्यायला हवं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने या जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि जगभर गाजला. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा जास्त स्त्रीरोग होते. सरासरी काढली तर एका बाईमागे ३.६. आणि यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. निम्मा आजार जननमार्गाच्या संसर्गाचा होता.

हे संसर्ग एकाच प्रकारचे नसतात. फाटलेल्या दुधासारखा घट्ट स्राव आणि जोरदार खाज असेल तर यीस्टची शक्यता जास्त. मासळीसारखा वास येत असेल तर बहुधा जिवाणू. पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास, आणि त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. शेवटच्या दोन्हींवर बुरशीचं मलम पुरेसं पडत नाही, वेगळी औषधं लागतात. शिवाय पाळीच्या मधल्या दिवसांत थोडा पांढरा, बिनवासाचा स्राव होणं हा आजारच नाही. त्याने अंगातली ताकद जाते, हाही गैरसमजच.

मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून आणलेल्या मलमात अनेकदा बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने खाज झटक्यात जाते, म्हणून ती ट्यूब लाडकी होते. पण त्याने त्वचेची प्रतिकारशक्ती दबते, बुरशी पसरते, कातडी पातळ होते. गजकर्ण आज औषधांना दाद देत नाही, त्यामागे अशा ट्यूबचा मोठा हात असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. खोक्यावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

पहिल्यांदाच त्रास होत असेल, गरोदरपण असेल, ओटीपोटात दुखत असेल, ताप किंवा रक्तस्राव असेल, तर मेडिकलआधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. आशाताईंशीही बोलता येतं. त्रास वर्षातून तीन-चार वेळा उलटत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. आणि चिखल्यांवर मलम लावायच्या आधी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या करा, कारण ओल्या बेचक्यात बुरशी पुन्हा फोफावते.