मासा कुठे आहे हे उपग्रह सांगतो, मग भाव कोण ठरवतं? रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून समजून घ्या 'माहिती प्रणाली'

१४६९च्या सुमारास रशियातल्या त्वेर शहराचा एक व्यापारी चौल बंदरात उतरला. नाव अफनासी निकितिन. शेजारच्या रेवदंड्यात आज त्याचं स्मारक आहे. विकायला म्हणून त्याने एक घोडा जहाजातून आणला होता. हिंदुस्थानात आपल्या देशात खपेल असा भरपूर माल मिळतो, असं त्याला इतर व्यापाऱ्यांनी सांगितलं होतं. इथे आल्यावर मात्र रशियात नेण्याजोगं काहीच नाही, अशी तक्रार त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली. जुन्नरला तिथल्या अधिकाऱ्याने घोडाही काढून घेतला. तो कसाबसा परत मिळाला आणि शेवटी बिदरमध्ये विकला गेला.

निकितिनकडे हिंमत होती, माल होता. कुठे काय खपतं, कुठे काय भाव मिळतो आणि वाटेत धोका काय, याची खात्रीची माहिती तेवढी नव्हती. आजचे उद्योग हीच उणीव भरून काढायला 'माहिती प्रणाली' म्हणजेच इन्फर्मेशन सिस्टीम वापरतात.

माहिती प्रणाली म्हणजे फक्त कॉम्प्युटर का?

नाही. तिचे साधारण पाच भाग असतात: माणसं, यंत्रं, सॉफ्टवेअर, आकडे आणि काम करायची ठरलेली पद्धत. यातला एक जरी कच्चा असला तरी बाकीचे चार फुकट जातात.

आकडे आणि माहिती यांतही फरक आहे. 'या फेरीला अमुक लिटर डिझेल लागलं' हा नुसता आकडा झाला. 'गेल्या दहा फेऱ्यांपैकी सहा फेऱ्यांत डिझेलचा खर्चही सुटला नाही' ही माहिती झाली, कारण ती ऐकून मालक काहीतरी वेगळं ठरवू शकतो.

धंद्यात ही प्रणाली तीन पातळ्यांवर काम करते. पहिली, रोजच्या व्यवहाराची नोंद. दुसरी, त्या नोंदींवरून तयार होणारा हिशेब आणि अहवाल. तिसरी, पुढचा निर्णय घ्यायला मदत. मोठ्या कंपनीत यासाठी वेगळे विभाग असतात. रेवदंड्यासारख्या मच्छीमार गावात हे सगळं एका बोटीभोवती फिरतं.

हैदराबादहून किनाऱ्यावर येणारा सल्ला

बोट समुद्रात जाते तेव्हा डिझेल, बर्फ, शिधा आणि खलाशांचा खर्च आधीच झालेला असतो. मासा शोधत फिरण्यात गेलेला प्रत्येक तास म्हणजे जळलेलं डिझेल. त्यामुळे तांडेलासाठी सगळ्यात महागाचा प्रश्न एकच: जायचं कुठे?

याचं उत्तर देणारी सरकारी यंत्रणा हैदराबादला आहे. 'इन्कॉइस' ही संस्था १९९९ साली स्थापन झाली. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य मोजलं जातं. हरितद्रव्य जास्त असेल तिथे सूक्ष्म वनस्पती जास्त, म्हणजे माशांना खाद्य जास्त. शिवाय गरम आणि थंड पाणी जिथे भेटतं त्या पट्ट्यात मासे जमण्याची शक्यता मोठी. त्यावरून 'संभाव्य मासेमारी क्षेत्र' काढलं जातं. किनाऱ्यावरच्या ठरावीक केंद्रापासून ते कुठल्या दिशेला, किती अंतरावर आणि तिथे खोली किती, हे मराठीसह किनारपट्टीच्या भाषांत मच्छीमारांना कळवलं जातं. मेसेज आणि मोबाइल ॲप हे त्याचे नेहमीचे मार्ग आहेत.

मग हा सल्ला सगळ्यांच्याच उपयोगाचा आहे का?

तसं नाही. बांगडा, तारली, कुपा अशा वरच्या थरात थव्याने फिरणाऱ्या माशांसाठी तो जास्त कामाचा ठरतो. रायगडच्या किनाऱ्यावर बोंबील, करंदीसाठी डोल जाळी लावली जातात. हे जाळं एका जागी बांधलेलं असतं आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासा त्यात येतो. अशा मच्छीमाराला पट्टा कुठे आहे यापेक्षा उधाण कधी आणि भांग कधी हे कळणं महत्त्वाचं. ते तिथीवरून त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

मर्यादा आणखीही आहेत. आकाश ढगाळ असलं की उपग्रहाला समुद्र नीट दिसत नाही. मासेमारी बंद असते तेव्हा आणि समुद्र खवळलेला असताना हा सल्ला दिलाच जात नाही.

किनारा दूर गेल्यावर काय?

खोल समुद्रात मोबाइलची रेंज जाते. ही अडचण सोडवण्यासाठी इस्रोच्या तंत्रज्ञानावरचा ट्रान्सपाँडर बोटींवर बसवायची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये सुरू झाली. देशभरातल्या १ लाख बोटींसाठीची ही यंत्रणा उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश पोहोचवते. त्यामुळे वादळाचा इशारा बोटीपर्यंत येतो आणि बोटीवरून मदतही मागता येते.

किनाऱ्यावरची यंत्रणा कायम शाबूत राहील असंही नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वादळ येणार हे आधी कळल्यामुळे लोकांना सुरक्षित जागी हलवता आलं. वादळानंतर मात्र विजेचे खांब आडवे झाले आणि मोबाइल टॉवर बंद पडले. वीज आणि नेटवर्क गेलं की बँक, यूपीआय आणि ऑनलाइन अर्ज सगळंच थांबतं. म्हणून कागदावरची नोंद आणि पर्यायी संपर्क हाही चांगल्या माहिती प्रणालीचाच भाग मानला जातो.

खरी कोंडी: भाव

मासा कुठे आहे हे कळलं तरी तो कितीला विकला जाईल हे कळत नाही. मासा नाशवंत. बोट लागली की काही तासांत तो विकावाच लागतो. मोठ्या बाजारात आज किती आवक झाली, मागणी कशाला आहे, हे व्यापाऱ्याला फोनवर आधीच समजलेलं असतं. त्यात मालकाने त्याच्याकडून आगाऊ पैसे उचललेले असतील, तर माल दुसऱ्याला देण्याची सोयच उरत नाही. एकाच व्यवहारात एकाला जास्त माहिती आणि दुसऱ्याला कमी असली, की भाव जास्त माहिती असणारा ठरवतो.

या उचलीतून सुटायचं तर बँकेचं कर्ज हा एक मार्ग आहे. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९च्या अर्थसंकल्पात मच्छीमारांसाठीही जाहीर झाली. पण बँक कागद मागते. बोटीची नोंदणी, मासेमारीचा परवाना आणि उत्पन्नाचा काही पुरावा नसेल तर मेहनत कितीही असो, कर्ज मिळणं कठीण. डिझेलवरच्या कराचा परतावा आणि वादळानंतरची भरपाई यांचंही तसंच आहे.

म्हणून छोट्या धंद्याने सुरुवात महागड्या सॉफ्टवेअरपासून करायची गरज नसते. प्रत्येक फेरीचं डिझेल, बर्फ, मिळालेला मासा, भाव आणि कोणाला विकला, एवढे पाच रकाने वहीत किंवा मोबाइलमध्ये रोज भरले तरी पुरेसं आहे. दोन हंगामांनंतर कुठल्या महिन्यात फेरी परवडत नाही आणि कोणता व्यापारी सतत कमी भाव देतो, हे त्यातून दिसायला लागतं. भावाची बोलणी करताना मग मालकाच्या हातातही आकडे असतात.