शालेय लेखन आणि निबंधाचा उगम

मुंबई इलाख्यातील शिक्षणसुधारणेचा इतिहास लिहिताना शाळांची संख्या, क्रमिक पुस्तके आणि माध्यमाचा वाद यांचाच बहुधा विचार होतो. विद्यार्थ्याने स्वतःच्या वाक्यांत काही लिहावे ही अपेक्षा कोठून आली, हा प्रश्न मात्र मागे राहतो. प्रस्तुत टिपणाचा विषय तोच आहे.

पंतोजींच्या शाळेत लेखन म्हणजे अक्षर घोटणे होय. धूळपाटीवर अक्षरे गिरवून मुलगा बोरूकडे वळे, कित्ता वळवी आणि पुढे मोडीतील जुनी पत्रे वाचून मायने व हिशेब शिके. यास केवळ घोकंपट्टी म्हणून हिणविण्याची प्रथा पडली आहे. ती न्याय्य नव्हे. दप्तर व पेढी यांना लागणारे लेखन हेच होते.

मुंबईत १८२२ साली शाळा व शालेय पुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली. त्यानंतर आलेली साधने शुद्धतेची होती : पंडितांचा कोश १८२९ चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. मेजर कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ (१८५०) या मालिकेत क्षुल्लक वाटते, परंतु आमच्या मते लेखनशिक्षणाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. मोडी पत्रात शब्द सलग धावत. वाक्य डोळ्यांना वेगळे दिसत नसे. पूर्णविराम कोठे द्यावा हे ठरविणाऱ्यास आपला विचार कोठे संपला हेही ठरवावे लागते.

तथापि चिन्हे हाती आली म्हणून लिहिण्याचे प्रयोजन लाभत नाही. ते वर्गाबाहेर लाभले. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व तरुण शिक्षक यांची सभा स्थापन झाली. तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष दादोबाच होते. येथे निबंध लिहिला जाई तो श्रोत्यांसमोर वाचण्यासाठी, परीक्षकासाठी नव्हे; आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकाने त्यास वाचकही मिळवून दिले. याच सभेच्या तरुणांनी १८४९ साली मुलींच्या शाळा काढल्या व तेथे स्वतः शिकविले. व्याकरणकार, निबंधलेखक आणि शिक्षक अशा तिन्ही भूमिका एका लहानशा वर्तुळात एकवटल्या होत्या, असे पुन्हा क्वचितच घडले.

विद्यापीठ १८५७ साली आले आणि प्रवेशपरीक्षा १८५९ साली सुरू झाली. शहरांतील इंग्रजी शाळांच्या खालच्या इयत्ताही हळूहळू त्या परीक्षेकडे तोंड करून बसल्या. पुढील दशकात वरच्या परीक्षांतून मराठीस स्थान उरले नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या खटपटीने ती एम.ए.च्या अभ्यासक्रमात आली तोवर विसावे शतक उजाडले होते. मराठीत चांगले लिहिण्याचे पारितोषिक शाळेजवळ उरले नव्हते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७२ पासून सरकारी शाळेत शिक्षक होते. त्यांची ‘निबंधमाला’ १८७४ साली निघाली ती मासिक म्हणून. शाळेच्या अभ्यासक्रमात तिला जागा नव्हती. १८७९ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला, आणि १८८० च्या जानेवारीत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले.