बळीराजा स्मृती धरण

बळीराजा स्मृती धरण हे सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर असलेले छोटे धरण होय. बलवडी व तांदुळवाडी या गावांच्या ग्रामस्थांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या पुढाकाराने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते उभारले. आकाराने ते एखाद्या बंधाऱ्याएवढेच आहे. त्याची ओळख आहे ती दोन गोष्टींमुळे: नदीतील वाळूच्या मर्यादित विक्रीतून बांधकामासाठी पैसा उभारणे आणि भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान वाटा देणे.

पार्श्वभूमी

येरळा सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. तिचे बरेचसे खोरे पर्जन्यछायेत आहे. नदीवर वरच्या अंगाला ब्रिटिशकालीन नेर तलाव व येरळवाडी येथील धरण आहे. खाली पात्र वर्षाचा बराच काळ कोरडे असते. खानापूर, आटपाडी या भागांतून पोटासाठी मुंबई गाठण्याची रीत जुनी आहे. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला तेव्हा अनेक कामगार गावी परतले. त्याच दशकात दुष्काळाने गाठल्यावर दुष्काळी कामांवर खडी फोडण्यापेक्षा दुष्काळ हटेल असे काम द्या, अशी मागणी पुढे आली. डॉ. भारत पाटणकर हे या चळवळीचे एक प्रमुख नेते होत.

वाळूचा प्रश्न

कोरड्या दिसणाऱ्या पात्रातील वाळूचा थर पावसाळ्याचे पाणी धरून ठेवतो व ते हळूहळू काठच्या विहिरींना पुरवतो. ठेकेदारांनी हा थर उपसून नेला की पूर आला तरी पाणी न मुरता वाहून जाते आणि विहिरी लवकर आटतात. लिलावाचा महसूल शासनाला, नफा ठेकेदाराला आणि कोरडी विहीर गावाला, अशी ही वाटणी होती. ठेकेदारांचा उपसा बंद करावा व धरणाच्या खर्चापुरती थोडी वाळू विकण्याची परवानगी गावाला द्यावी, अशी ग्रामस्थांची मागणी होती. वाळूउपशाला विरोध करणाऱ्यांनीच वाळू विकावी, यात वरवर विसंगती दिसते. मात्र विकायची वाळू मोजकी होती आणि तिच्या मोबदल्यात त्याच पात्रात पाणी अडणार होते. परवानगी सहजी मिळाली नाही. त्यासाठी आंदोलन करावे लागले. ग्रामस्थांचे श्रमदान व बाहेरच्या सहानुभूतीदारांचे साहाय्य यांचीही कामाला जोड मिळाली. अभियंते के. आर. दाते यांचे तांत्रिक मार्गदर्शन चळवळीला लाभले.

पाणीवाटप

सर्वसाधारण सिंचन योजनेत पाणी जमिनीमागे जाते. ज्याची जमीन जास्त, त्याला पाणी जास्त. येथे कुटुंब हा घटक मानला गेला. भूमिहीन कुटुंब आपल्या वाट्याच्या पाण्यावर दुसऱ्याची जमीन वाट्याने कसू शकते. थोड्या पाण्यात अनेकांचे भागावे म्हणून उसाला या योजनेबाहेर ठेवण्यात आले. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ही अट साधी नव्हती.

या विचाराला आधीचे उदाहरण होते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायत सुरू केली. तेथे माणशी अर्ध्या एकराला व कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांना पुरेल एवढेच पाणी दिले जाई; भूमिहीनांचा हक्क मान्य होता आणि उसाला बंदी होती.

नाव

शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून बळीची प्रतिमा महात्मा फुले यांनी रूढ केली. फुले यांचे मूळ गाव कटगुण हे येरळेच्या उगमाच्याच खटाव तालुक्यातले. पावसाचे पाणी शेतात मुरावे यासाठी ताली व बंधारे बांधावेत, असे त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात १८८३ मध्येच सुचवले होते.

पुढील घडामोडी

समन्यायी वाटपाची मागणी पुढे आटपाडी परिसरात मोठ्या प्रमाणावर मांडली गेली. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना देणाऱ्या टेंभू उपसा सिंचन योजनेतही पाण्याचे वाटप कुटुंबनिहाय व्हावे, असा चळवळीचा आग्रह राहिला. वाळूच्या बाबतीत, फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली.