फोर्डममधील बेसबॉल : आरंभकाळ

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील फोर्डम विद्यापीठाचे पूर्वीचे नाव सेंट जॉन्स कॉलेज. बिशप जॉन ह्यूज यांनी १८४१ मध्ये स्थापलेली ही कॅथलिक संस्था १८४६ मध्ये जेझुइट धर्मगुरूंकडे आली. येथील विद्यार्थ्यांच्या ‘रोझ हिल’ संघाने ३ नोव्हेंबर १८५९ रोजी सेंट फ्रान्सिस झेवियर या दुसऱ्या जेझुइट महाविद्यालयाला ३३–११ असे हरवले. हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मात्र नव्हे. ॲमहर्स्ट व विल्यम्स ही महाविद्यालये त्याच वर्षी १ जुलैला खेळली होती, पण मॅसॅच्युसेट्सच्या नियमांनी, प्रत्येकी तेरा खेळाडू घेऊन. नऊ जणांच्या संघांतील पहिला महाविद्यालयीन सामना हा फोर्डमचा मान त्यामुळे अबाधित राहतो.

खेळाच्या इतिहासात त्या विजयाहूनही एस्तेबान बेयान अधिक मोलाचा. हवानाहून आलेला हा मुलगा १८६० च्या दशकात येथे शिकला. १८७१ मध्ये ट्रॉय हेमेकर्सकडून उतरून तो अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधील पहिला लॅटिन अमेरिकी खेळाडू ठरला. पुढे मायदेशी परतल्यावर १८७४ मध्ये मातान्सास येथील गाजलेल्या सामन्यात तो हवाना संघाकडून खेळला. क्यूबात बेसबॉल रुजवणाऱ्यांत त्याची गणना होते.