बारावीचे गुण कमी आले तर: गुणपडताळणी, छायाप्रत की पुनर्मूल्यांकन?

वर्धा जिल्ह्यातील बारावीचे परीक्षार्थी राज्य मंडळाच्या नागपूर विभागीय मंडळात येतात. आर्वी, हिंगणघाट किंवा समुद्रपूरच्या विद्यार्थ्याला गुणांबद्दल शंका असेल तर अर्ज याच मंडळाकडे, ऑनलाइन करायचा असतो. निकालानंतर त्यासाठी साधारण दोन आठवडे मिळतात.

इथे तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. गुणपडताळणीत उत्तर पुन्हा वाचले जात नाही. बेरीज बरोबर आहे का, एखादे उत्तर तपासायचे राहिले का, एवढेच पाहतात. छायाप्रत म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत. पुनर्मूल्यांकनात मात्र उत्तरे नव्याने तपासली जातात. अलीकडच्या वर्षांत प्रत्येक विषयासाठी पडताळणीला 50, छायाप्रतीला 400 आणि पुनर्मूल्यांकनाला 300 रुपये शुल्क आहे. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही आणि प्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुढचा अर्ज करावा लागतो.

ही सोय पूर्वी नव्हती. उत्तरपत्रिका दाखवायची नाही आणि पुनर्मूल्यांकनही करायचे नाही, हा राज्य मंडळाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये वैध ठरवला होता. मुंबई उच्च न्यायालयाचा उलट निकाल त्याने फिरला. पुढे 2011 मध्ये सीबीएसईच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात परीक्षार्थीला मिळू शकते, असे सांगितले.

अर्ज करावा की नाही, हे खरे तर छायाप्रत हातात आल्यावर ठरते. प्रत आली की आधी जोडलेल्या पुरवण्या सगळ्या आहेत का ते मोजावे. मग प्रत्येक उपप्रश्नाचे गुण पहिल्या पानावरच्या तक्त्याशी ताडून पाहावेत. त्यानंतर विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना प्रत दाखवावी. घरच्यांचे किंवा मित्रांचे मत इथे फारसे उपयोगी नाही, कारण ‘पेपर छान गेला होता’ हा पुरावा होत नाही. शिक्षकांनी दोन-तीन ठिकाणी नेमके बोट ठेवून गुण द्यायला हवे होते असे सांगितले, तर 300 रुपये खर्च करण्यात अर्थ आहे. प्रात्यक्षिकाचे गुण मात्र छायाप्रतीत सापडणार नाहीत; भौतिकशास्त्रात 100 पैकी 30 गुण तिथलेच असतात.

दुसरा प्रश्न वाढलेल्या गुणांनी काय बदलेल हा. एमबीबीएसची गुणवत्ता यादी नीटच्या गुणांवर लागते. बारावीत खुल्या प्रवर्गाला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून 50 टक्के पुरतात, मागास प्रवर्गांना 40. त्यामुळे 78 चे 81 टक्के झाले तरी प्रवेशात फरक पडत नाही. पण कोणी 49 टक्क्यांवर अडकला असेल किंवा 35 गुणांना दोन कमी पडून नापास झाला असेल, तर त्याचे वर्ष पणाला लागलेले असते. अशा विद्यार्थ्याने अर्ज जरूर करावा, पण निकालाची वाट पाहत पुरवणी परीक्षेचा अर्ज चुकवू नये. पुनर्मूल्यांकनात गुण वाढतीलच असेही नाही. सीबीएसईत तर एक गुण घटला तरी तो घटलेलाच धरतात.

नीटमध्ये निकालानंतर फेरतपासणीची तरतूदच नाही. जे काही करायचे ते निकालाआधी: तात्पुरती उत्तरसूची आणि ओएमआरची प्रतिमा प्रसिद्ध होते, तेव्हा प्रत्येक प्रश्नामागे 200 रुपये भरून हरकत घेता येते. हे पैसे परत मिळत नाहीत. 2024 मध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन उत्तरे बरोबर धरली गेली होती. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवले आणि दुसरा पर्याय निवडलेल्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले. त्यांनी स्वतः कुठलीही हरकत घेतली नसली तरीही.